बत्तीस न्यूट्रॉनांची चोरी

१

ज्या चोरीचा तपास मी केला, ती चोरी झाली आहे असं सगळ्यांत आधी ओरडणाराही मीच होतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कुठे लपता येणार नाही.

रिसोडहून एस.टी.नं अर्ध्या तासावर आमचं गाव आहे. तिथल्या हायस्कुलात मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि आठ वर्षांपूर्वी निवृत्त झालो. गेल्या ऑक्टोबरात मुख्याध्यापक अमरदीप घरी आले. दिवाळीनंतर वाशीमला निवडक मुलांसाठी सहा महिन्यांचा विज्ञानाचा वर्ग भरणार होता. राहणं, जेवण, सगळं तिथंच. आमच्या शाळेतून नववीची दोनच नावं जायची होती आणि ती शनिवारी दुपारी बारापर्यंत कळवायची होती.

"परीक्षा घेऊन नावं काढू म्हणतो सर," अमरदीप म्हणाले. "पेपर तुम्ही काढा, तपासा पण तुम्हीच. देवमन सरांनी निवडलं म्हटलं की गावात कोणी तोंड उघडत नाही."

मला बरं वाटलं. मी पुस्तक न उघडता पेपर काढला. एकतीस वर्षांत पेपर काढायला मी कधीच पुस्तक उघडलं नव्हतं, आणि ही गोष्ट मी चारचौघांत कौतुकानं सांगतही असे.

पंचवीस प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, अर्धवट उत्तराला एक. बुधवारी सकाळी परीक्षा झाली, दुपारपर्यंत मी उत्तरपत्रिका तपासल्या. शेवटचा प्रश्न मुद्दाम अवघड ठेवला होता: कोबाल्ट-६० या समस्थानिकात न्यूट्रॉन किती? सात मुलांनी 'तेहेतीस' लिहिलं होतं. माझ्या उत्तरसूचीत 'बत्तीस' होतं. मी सातही जणांना फुली मारली. एकाच मुलीनं 'बत्तीस' लिहिलं होतं आणि तिला पन्नासपैकी पन्नास पडले होते.

गठ्ठा घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेलो. सध्या विज्ञान शिकवतात त्या सुकेशनी मॅडम डबा खात होत्या. त्यांनी उत्तरसूचीवरून नजर फिरवली. हातातला घास डब्यात परत ठेवला.

"सर, रागावू नका. शेवटचं चुकलंय."

हिशेब अगदी साधा आहे. अणूच्या मध्यभागी प्रोटॉन असतात आणि न्यूट्रॉन असतात. प्रोटॉन किती, यावरून ते कोणतं मूलद्रव्य आहे हे ठरतं. त्या आकड्याला अणुअंक म्हणतात. समस्थानिकाच्या नावापुढे जो आकडा असतो, ती दोघांची मिळून बेरीज. त्यातून प्रोटॉन वजा केले की न्यूट्रॉन उरतात. कार्बनचा अणुअंक सहा, म्हणून कार्बन-१४ मध्ये न्यूट्रॉन आठ. कोबाल्टचा अणुअंक सत्तावीस. साठातून सत्तावीस गेले, तेहेतीस उरले. सातही मुलं बरोबर होती आणि त्यांना फुल्या मारणारा मी चूक होतो.

माझे कान तापले. खोलीत आणखी दोन शिक्षक होते आणि ते मान खाली घालून वर्तमानपत्र वाचत असल्याचं दाखवत होते. त्या वेळी मला एकच शब्द बोलायचा होता: चुकलो. तो तोंडातून निघेना. हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी गठ्ठा पुन्हा चाळायला लागलो आणि पन्नासपैकी पन्नासवाली उत्तरपत्रिका वर आली.

"मॅडम," मी म्हणालो, "माझं उत्तर चुकलं ते चुकलं. पण नेमकं तेच चुकीचं उत्तर या पोरीनं कसं लिहिलं?"

मी उत्तरपत्रिका सगळ्यांपुढे धरली.

"बरोबर उत्तर शंभर जण आपापलं काढतात. चुकीचं उत्तर अगदी तसंच्या तसं जुळलं, तर ते कुठून तरी उचललेलं असतं. या पोरीनं उत्तरसूची पाहिली आहे."

आता खोलीतले सगळे माझ्याकडे पाहत होते आणि माझी चूक कोणाच्याच ध्यानात राहिली नव्हती.

२

मुलीचं नाव चंदा. गावाबाहेरच्या तांड्यावरची. तिचे आईवडील, नानीबाई आणि हेमसिंग, दिवाळी झाली की ऊस तोडायला जात. चंदाही दरवर्षी त्यांच्यासोबत जाई आणि मार्च-एप्रिलात परत येऊन वर्गात बसे. यंदा नाव निघालं असतं तर ती वाशीमला राहिली असती. नाही निघालं, तर मुकादमाची गाडी ठरलेली होती.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी वर्गात जाऊन तिला उभं केलं.

"कोबाल्ट-साठमध्ये न्यूट्रॉन किती?"

"बत्तीस सर."

पुढच्या बाकावरचा लखन पटकन म्हणाला, "तेहेतीस, सर!"

"लखन बरोबर आहे," मी म्हणालो. "उत्तरसूचीत मात्र चुकून बत्तीस पडलं होतं. आणि वर्गात एकटीनंच बत्तीस लिहिलं. कसं काय, चंदा?"

मी चोर हा शब्द वापरला नाही. वापरायची गरज पडली नाही. चाळीस पोरांना तो आपसूक ऐकू गेला. चंदाचा चेहरा आधी कोरा झाला, मग हळूहळू तांबडा. ती माझ्या चपलांकडे पाहत उभी राहिली.

"बोल ना."

 तिसऱ्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "ए बत्तीस!" आणि वर्ग हसला. मी त्या पोराला दटावलं नाही.

बाहेर आल्यावर अमरदीप म्हणाले, "तिचं नाव काढून तिसऱ्या नंबरच्या राखीचं टाकू. पण सर, सूची तर माझ्या कपाटात होती. तिला दाखवली कोणी?"

"शनिवारपर्यंत शोधतो," मी म्हणालो.

संध्याकाळी घरी जाताना तांड्याच्या वाटेवर चंदा दिसली. एकटीच चालली होती, आणि तिच्या मागून सायकलीवर दोन पोरं ओरडत होती, "बत्तीस, बत्तीस!"

३

गुरुवारी सकाळी मी तपासाला बसलो. सूची एकच होती, माझ्या हातची. मंगळवारी मी ती लिफाफ्यात घालून चिकटवली, झाकणाच्या जोडावर सही केली आणि अमरदीपना दिली. त्यांनी कपाटात ठेवली. कपाटाची एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी जगदेव शिपायाकडे.

जगदेव घंटेखाली बसून खळ कालवत होता.

"जगदेव, मंगळवारी कपाट कोणी उघडलं होतं?"

"मीच. खडू काढाले." त्यानं वर पाहिलं. "तुमाले असं वाटून राह्यलं का, का मी त्या पोरीले कागद दाखवला?"

"मी फक्त विचारतोय."

"अठरा वर्षं झाले, चाब्या माह्या कमरेले हायत. कंबर गेली सर, पन चाबी कोठी गेली नाही. अन् कागद दाखवाचाच असता तं माह्या पुतण्याले नसता दाखवला? तो बी याच वर्गात हाय. तेरा गुण पडले त्याले."

हे बिनतोड होतं. तरी मी म्हणालो, "दाखवला नसशील, पण कोणी वाफ देऊन लिफाफा उघडला असेल तर?"

"मंग लिफाफाच पाहा ना."

"तो तर मी फाडून टाकला."

"तुमी टाकला. म्या उचलला." जगदेवनं मागच्या खोक्यात हात घातला. शाळेत आलेले जुने लिफाफे तो उलटे करून पुन्हा चिकटवायचा, दाखले द्यायला तेच वापरायचा. खळ त्यासाठीच चालली होती. खोक्यातून त्यानं माझा पिवळा लिफाफा काढला. "हा आजच्या घाण्यात होता. थोडं उशिरा आले असते तं उलटा झाला असता बिचारा."

मी लिफाफा उजेडात धरला. तपासायच्या घाईत मी तो बाजूनं फाडला होता. झाकण होतं तसंच चिकटलेलं. त्यावरची माझी सही जोडावरून सरळ पलीकडे गेली होती, एक रेघही सरकलेली नव्हती. वाफ दिली असती तर शाई फुटली असती, कागद फुगला असता.

सूची परीक्षेआधी कोणीही पाहिली नव्हती.

"सापडला का चोर?" जगदेवनं विचारलं.

मी लिफाफा खिशात घातला. चोरी झालीच नव्हती, हे त्याच वेळी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन सांगायला हवं होतं. मी नाही गेलो. मनात म्हणालो, लिफाफ्याआधी काही घडलं असेल. मी सूची शाळेतच, शिक्षकांच्या खोलीत बसून लिहिली होती. शेजारच्या खुर्चीवर सुकेशनी मॅडम होत्या.

४

सुकेशनी मॅडम तीन वर्षांपूर्वी आल्या. चंदा एप्रिलात ऊसतोडीवरून परतली, तेव्हा तिचे राहिलेले धडे त्यांनीच शाळा सुटल्यावर बसून भरून काढले होते. म्हणजे जीव लावणारी बाई, सूची शेजारीच, आणि आवडती मुलगी. मला सगळं जुळल्यासारखं वाटलं.

प्रयोगशाळेत त्या परीक्षानळ्या विसळत होत्या. मी आडून आडून विचारायला सुरुवात केली. त्यांनी नळ बंद केला.

"सर, सरळ विचारा ना. मी तिला उत्तरं सांगितली का?"

"सांगितली का?"

"मी सूची वाचली असती तर मला चूक दिसली नसती का? काल किती वेळ लागला मला, तुम्ही पाहिलंच. एक घास. मग मी तिला सत्तावीस वजा करून तेहेतीस सांगितलं असतं. चुकीचं उत्तर पढवून मी माझ्याच पोरीला खड्ड्यात कायले घालू?" रागात त्यांच्या तोंडून गावाकडचा शब्द निघून गेला आणि त्यांनी तो मागे घेतला नाही.

त्यांनी हात पुसले.

"आणि तुम्ही तिची उत्तरपत्रिका नीट पाहिली का? गुण देण्यापुरती सोडून?"

त्यांनी माझ्या हातातल्या गठ्ठ्यातून ती काढली आणि खिडकीशी नेली. शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलं होतं. खोडरबरानं काळेपण गेलं होतं, कागदावर दाबाची खूण मात्र उरली होती. पान तिरपं धरल्यावर ती वाचता आली.

६० – २८ = ३२.

"तुमच्या सूचीत फक्त उत्तरं होती," मॅडम म्हणाल्या. "अठ्ठावीस कुठेच नव्हता. ज्याला आयतं बत्तीस मिळालंय, तो वजाबाकी कायले करेल? तिनं कोबाल्टचा अणुअंक अठ्ठावीस धरला आणि पुढचं सगळं बरोबर केलं. चूक एकाच जागी आहे."

"पण अठ्ठावीस आणला कुठून? पुस्तकात सत्तावीस आहे. या भिंतीवरच्या तक्त्यात सत्तावीस आहे."

"तेच तर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "आणि सर, तुमचं बत्तीस तरी कुठून आलं? तुम्ही पण साठातून अठ्ठावीसच वजा केले असणार."

५

मी चंदाला मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बोलावलं. सुकेशनी मॅडमना थांबायला सांगितलं. मला तिच्याशी एकट्यानं बोलायची लाज वाटत होती.

"बस," मी म्हणालो. ती उभीच राहिली.

"चंदा, तू सूची पाहिली नाहीस, हे मला कळलं आहे."

तिनं मान वर केली. "मंग वर्गात सांगा."

"सांगणार आहे. त्याआधी एवढं कळू दे. कोबाल्टचा अणुअंक अठ्ठावीस तुला कोणी सांगितला?"

"मले पाठ हाय."

"कोणी पाठ करून घेतला?"

ती दाराकडे सरकली.

"हायड्रोजनपासून म्हण बरं."

तिनं म्हणून दाखवलं. एका दमात, न अडखळता, प्रत्येक नावापुढे आकडा. वीस कॅल्शियमपर्यंत ठीक. पुढे एकवीस स्कँडियम, बावीस टायटॅनियम. सव्वीस लोखंड. "सत्तावीस निकेल, अठ्ठावीस कोबाल्ट, एकोणतीस तांबं, तीस जस्त." तिथं ती थांबली. तिला तीसच येत होते.

कोबाल्ट आणि निकेल यांची जागा बदलली होती. फक्त त्या दोघांची. आणि ऐकताना मला काहीच खटकलं नव्हतं. माझे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

"हे कोणत्या पुस्तकातलं?" मॅडमनी विचारलं.

"पुस्तकातलं नाही."

"मग?"

"नाही सांगत, मॅडम. बाबानं सांगतलं, नाव नोको घेऊ म्हनून."

"कोणाचं नाव?"

तिनं मॅडमकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती. वर्गात उभी होती तेव्हासारखी चपलांकडे नाही, सरळ तोंडाकडे.

"सर, तुमी बी बत्तीसच लिहिलं होतं ना? म्या चोरून आनलं तं तुमी कोठून आनलं?"

सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि ती निघून गेली.

६

शुक्रवारी दुपारी मी तांड्यावर गेलो. वाटेच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची मळणी चालू होती. भुसा अंगावर उडत होता. इतक्या वर्षांत मी या वाटेनं दोनदाच आलो होतो, दोन्ही वेळा मतदार यादीच्या कामाला.

हेमसिंग घराच्या सावलीत बसून कोयत्याला दांडा बसवत होता. मला पाहताच उठला. कोयता मागे सरकवला, हात धोतराला पुसले. चाळिशी ओलांडलेला माणूस शाळकरी पोरासारखा ताठ उभा राहिला.

"सर, तुमी कायले आले? म्या आलो असतो."

नानीबाईनं आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. आत जाताना आपल्या बोलीत नवऱ्याला काहीतरी म्हणाली. मला शब्द कळले नाहीत, सूर कळला.

"काय म्हणाली?"

"काही नाही सर. पोरगी जेवली नाही कालपासून, तेच."

मी पाण्याला हात लावू शकलो नाही. "हेमसिंग, चंदाला मूलद्रव्यं तू शिकवलीस?"

त्यानं मान खाली घातली. "कोपीवर, त्या पाचटाच्या झोपडीत, दुसरं काय शिकवू सर? ऊस तोडून आलो का चुलीजवळ बसून तेवढंच म्हनून घेतो. मले तीसच येतात. तुमी तीसच शिकवले होते."

"मी?"

"आमी नववीत तीस पोरं होतो ना. आठवत नाही तुमाले?"

आणि मला आठवलं.

त्या काळात शाळेत आवर्तसारणीचा तक्ता नव्हता. मी मैदानावर एक खेळ घ्यायचो. प्रत्येक मुलाला एक पाटी. पाटीवर मूलद्रव्याचं नाव आणि त्याचं अणुवस्तुमान, म्हणजे वजन. हलक्यात हलका पुढे, जड मागे, अशी आपापली रांग लावायची. रांग लागली की पुढून मोजत यायचं, आणि ज्याचा जो नंबर आला तो त्याचा अणुअंक. मग वर्षभर हजेरी त्याच नंबरानं. मी आकडा पुकारायचो, पोरगं मूलद्रव्याचं नाव सांगून उभं राहायचं. तपासणीला आलेले साहेब खूश व्हायचे.

रांग जवळजवळ बरोबर लागते. आरगॉन पोटॅशियमपेक्षा जड असूनही त्याच्या पुढे उभा राहतो, ही अदलाबदल मला ठाऊक होती, ती मी हातानं करून दाखवायचो. पण तीसमध्ये अशी आणखी एक जोडी आहे. निकेलचं वजन अठ्ठावन्न पूर्णांक सात, कोबाल्टचं अठ्ठावन्न पूर्णांक नऊ. वजनानं लावलं तर निकेल पुढे येतो. खरा क्रम वजनावर नसतोच, प्रोटॉनांवर असतो, आणि प्रोटॉन कोबाल्टमध्ये एक कमी. मी वजनानं लावलं, नंबर दिले, आणि वर्षभर रोज सकाळी पुकारून तेच नंबर तीस पोरांच्या आणि स्वतःच्या तोंडात बसवले. एक वर्ष नाही. नऊ वर्षं.

"तू कोण होतास, हेमसिंग?"

तो एकदम ताठ झाला. "अठ्ठावीस. कोबाल्ट, हजर सर."

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. 

"बुधवारी चंदानं घरी येऊन सांगितलं, तेव्हाच तुला कळलं असेल."

"हो."

"मग शाळेत येऊन बोलला काहून नाहीस? पोरीला गावभर चोर म्हणत होते!"

"काय बोलू सर? मले लिहिता-वाचता आलं ते तुमच्यामुळं. मुकादमाचा हिशेब मी वाचतो म्हनून आमच्या टोळीले कोणी फसवत नाही. आता चार लोकांत उभं राहून म्हनू का, आमच्या सरानं चुकीचं शिकवलं?" त्यानं कोयत्याचा दांडा उगाच चाचपला. "म्या पोरीले म्हटलं, तूच चुकली असशील. मंग म्हटलं, सरचं नाव नोको घेऊ. तिनं इचारलं, काहून? मले काही सांगता आलं नाही."

त्यानं एवढं बोलून माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काहीतरी करून त्याची सुटका करणार आहे.

मी दुसरं काहीतरी विचारलं, कारण ते पाहवेना. "गाडी कधी आहे?"

"दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. तिचं नाव कटलं तं तिले बी नेतो. तिच्यासाठी हलका कोयता आणला हाय." त्यानं पाठीमागे बोट दाखवलं. भिंतीला टेकवून एक लहान कोयता ठेवला होता, नवा कोरा.

७

शनिवारी सकाळी प्रार्थना झाल्यावर मी अमरदीपना म्हणालो, "पोरांना थांबवा. मला बोलायचंय."

त्यांनी मला बाजूला घेतलं. "सर, कशाला? सूचीत छपाईची चूक झाली म्हणू, चंदाचं नाव परत घालू. विषय संपला. तुमचं नाव कशाला खराब करायचं?"

"छपाई कुठे होती, अमरदीप? माझ्या हाताचं अक्षर आहे ते."

मैदानावर सगळी शाळा उभी होती. फाटकाबाहेर हेमसिंग दिसला, आत यायला तयार नव्हता. जगदेवनं त्याला दंडाला धरून आत आणलं.

मी फळा बाहेर मागवला आणि तपास जसा केला तसा मांडला. लिफाफा दाखवला: सही अखंड आहे, म्हणजे सूची कोणी पाहिली नाही. चंदाच्या समासातली वजाबाकी फळ्यावर लिहिली: चोरणारा हिशेब करत नाही. मग म्हणालो, "दोन माणसं एकच चुकीचं उत्तर लिहितात, तेव्हा एकानं दुसऱ्याचं पाहिलं असेल. किंवा दोघांना एकाच माणसानं चुकीचं शिकवलं असेल. ही दुसरी शक्यता मी बुधवारी धरलीच नाही. कारण तो माणूस मी होतो."

मैदानावरच्या रांगेची गोष्ट सांगितली. निकेल, कोबाल्ट, दोघांची वजनं फळ्यावर लिहिली.  लहान वर्गातली पोरं कंटाळून पाय घासत होती, त्यांना यातलं काही कळत नव्हतं, आणि त्याचंही मला बरं वाटलं नाही.

"मी माझी चूक झाकायला चंदाला वर्गात उभं केलं. तिनं काहीही चोरलेलं नाही. चंदा, मला माफ कर."

लखननं हात वर केला. "सर, मंग आमचे गुण?"

"सातही जणांना दोन-दोन गुण मिळतील. तुझे एकोणपन्नास."

"अन् माह्ये?" चंदानं विचारलं. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. "माह्यं उत्तर तं चुकलंच हाय. दोन कापा."

"तुला शिकवणारा चुकला, तुझे कशाला—"

"साठातून सत्तावीस गेले तं तेहेतीस उरतात. म्या बत्तीस लिहिलं. कापा सर."

सुकेशनी मॅडमनी उत्तरपत्रिका आणि लाल पेन माझ्या हातात दिलं. फळ्यावर कागद ठेवून मी त्या बरोबरच्या खुणेवर फुली मारली. पन्नासचे अठ्ठेचाळीस केले. पहिला लखन, दुसरी चंदा. जगदेवनं पावणेबाराला दोन्ही नावं पाठवून दिली.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी एस.टी. थांब्यावर गेलो. लखन आणि त्याचे वडील आधीच येऊन उभे होते. हेमसिंग डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन आला. मागून नानीबाई आणि चंदा. पलीकडे रस्त्याच्या कडेला मुकादमाची गाडी भरत होती. भांडी, गोधड्या, एक शेळी.

नानीबाई माझ्यापासून दूरच थांबली. हेमसिंग मात्र जवळ आला आणि चंदाला म्हणाला, "सरच्या पाया पड."

चंदा उभी राहिली.

"पोरी, आयकू येत नाही का? सर हायत ते!"

ती हलली नाही. हेमसिंगची मान शरमेनं खाली गेली आणि त्याच्यापेक्षा माझी जास्त.

"राहू दे, हेमसिंग. ती बरोबर करते आहे."

मी तिच्यासाठी रसायनशास्त्राचं एक पुस्तक आणलं होतं, मागे आवर्तसारणी असलेलं. पुढे केलं. तिनं लगेच घेतलं नाही. बराच वेळ त्याच्या पुठ्ठ्याकडे पाहत राहिली. मग घेतलं, आभार मानले नाहीत, तिथंच उभ्या उभ्या शेवटचं पान उघडलं. हायड्रोजनवर बोट ठेवलं आणि एकेक घर मोजायला लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एस.टी. येऊन थांबली, लखन चढला, कंडक्टर ओरडला, "वाशीम! चला लवकर!" हेमसिंगनं पेटी वर चढवली.

"चाल ना माय," तो म्हणाला.

"थांब, बाबा," चंदा म्हणाली. तिचं बोट चौथ्या ओळीत होतं. "चोवीस. पंचवीस. सव्वीस."